ओल्या पार्टीतला कोरडा महिना

मराठी माणूस दारू प्यायला जात नाही. तो 'बसतो'. "काय मग, शुक्रवारी बसायचं का?" या वाक्यात दारूचा 'द'सुद्धा नाही, तरी समोरच्याला सगळं कळतं. कुठे आणि किती वाजता, एवढंच विचारायचं उरतं. प्रमोशन झालं, बसू या. ब्रेकअप झाला, बसू या. नवीन फ्लॅटची चावी मिळाली, मग तर बसायलाच पाहिजे.

तर मंडळी, २०२५ च्या नोव्हेंबरमधे मी महिनाभर बसलो, पण प्यायलो नाही.

आधी हे स्पष्ट करतो की मला कोणी डॉक्टरने सांगितलं नव्हतं, घरून बोलणी बसली नव्हती, आणि मी कुठल्या बाबांच्या नादीही लागलेलो नाही. मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी मला जे काही आवडतं ते नक्की काय आहे? ही माणसं की ती बिअर? दोन गोष्टी एकदम बदलत असतील तर बग सापडत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच कळतं. म्हणून एक गोष्ट आहे तशी ठेवायची आणि दुसरी काढून टाकायची असं ठरवलं. नियम तीन. एक, थेंबही नाही ("एका बिअरने काय होतंय" हेही नाही). दोन, एकही शुक्रवार चुकवायचा नाही. तीन, घरी बसून वेबसिरीज बघत महिना ढकलला तर तो धरायचा नाही. त्या महिन्यात चार शुक्रवार होते आणि पाच शनिवार, म्हणजे परीक्षेला पेपर भरपूर.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच करायचं होतं तर श्रावण काय वाईट होता? तर श्रावण फार सोपा आहे हो. श्रावणात "श्रावण आहे" हे दोन शब्द पुरतात. पुढे कोणी काही विचारत नाही, उलट अर्धा ग्रुप तुमच्याच बाजूला असतो. (गटारीला महिन्याचा कोटा एका रात्रीत संपवलेला असतो ती गोष्ट वेगळी.) २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा मजा झाली होती. आयुष्यात पंचांग न उघडलेले लोक अधिक धरायचा की फक्त निज धरायचा यावर शास्त्रार्थ करत होते, कारण दोन्ही धरले तर जवळपास दोन महिन्यांचा उपास होत होता!

इंग्रजांनी हाच प्रकार 'ड्राय जानेवारी' म्हणून २०१३ पासून सुरू केलाय. फिनलंडमधे तर १९४२ साली, ऐन युद्धात, सरकारने लोकांना जानेवारी कोरडा काढायला सांगितलं होतं. सगळीकडे युक्ती एकच. सगळ्यांनी मिळून बंद केली की कोणाला कारण द्यावं लागत नाही. मला नेमकं तेच नको होतं. बाकी सगळे पीत असताना एकट्याने बसायचं होतं. नोव्हेंबरात पुण्याची हवाही अशी असते की न पिणाऱ्यालाही इच्छा व्हावी.

पहिला शुक्रवार सगळ्यात अवघड गेला, आणि तो दारूमुळे नाही, चौकशीमुळे. मी फ्रेश लाइम सोडा सांगितला आणि टेबलावर स्मशानशांतता.

"अँटिबायोटिक चालू आहे का?"

"नाही."

"मुलगी बघायला जायचंय?"

"नाही रे."

"मॅरेथॉन?"

"नाही. महिनाभर बंद."

"हां, मग आज घे आणि उद्यापासून बंद कर."

हा शेवटचा डायलॉग मी महिन्यात कमीत कमी सहा वेळा, सहा वेगवेगळ्या माणसांकडून ऐकला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. बारला 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच पडलं, आणि कागदोपत्री आजही प्यायला परवाना लागतो. तो परवाना कोणी विचारत नाही. न पिण्याचा परवाना मात्र टेबलावरच्या प्रत्येकाकडून सही करून घ्यावा लागतो.

दुसऱ्या शुक्रवारपर्यंत मी शहाणा झालो होतो. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतो. कारण सांगायचं नाही. कारण दिलं की त्याला तोड निघते. "वजन वाढलंय" म्हटलं की "मग व्होडका घे, त्यात कार्ब नसतात." "झोप नीट होत नाही" म्हटलं की "मग तर घेच." "या महिन्यात नाही" एवढं हसून सांगायचं आणि विषय बदलायचा. दुसरं, आपली ऑर्डर सगळ्यात आधी द्यायची, नाहीतर चार बिअर ऐकल्यावर पाचवी आपोआप तोंडातून निघते. तिसरं, ग्लास रिकामा ठेवायचा नाही. ग्लास भरलेला दिसला की अर्ध्या तासाने त्यात काय आहे हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. सोडा मीठवाला सांगायचा, गोड घेतला तर तिसऱ्या ग्लासाला मळमळतं. ०.० लिहिलेल्या बिअरही आता मिळतात. मी दोनदा घेतल्या, चवीला बऱ्या, पण पैसे खऱ्या बिअरच्या जवळपास लागतात आणि मनाला वाटतं की आपण नाटक करतोय. आणि शेवटचं, घरून काहीतरी खाऊन जायचं. न पिणारा माणूस चखण्यावर कसा तुटून पडतो हे मी मसाला पापड, चीज चेरी पायनॅपल आणि तीन प्लेट शेंगदाणे संपवून सिद्ध केलेलं आहे.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय आमच्या ग्रुपमधे कोणाला काही पटत नाही. "बिअर म्हणजे काय दारू थोडीच आहे" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरमधे ८ टक्के अल्कोहोल धरलं तर ते ५२ मिली, म्हणजे साधारण ४१ ग्रॅम भरतं. व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा असतो, त्यात साधारण १० ग्रॅम. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे चार स्मॉल. दोन बाटल्या रिचवून "मी आज फक्त बिअरच घेतली" म्हणणारा माणूस आठ पेग लावून बसलेला असतो. ब्रिटनच्या सरकारी डॉक्टरांनी २०१६ साली आठवड्याची जी मर्यादा सांगितली ती ११२ ग्रॅम आहे. आपला एक शुक्रवार त्यातले ८२ संपवतो. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे पावणेसहाशे कॅलरी नुसत्या अल्कोहोलच्या. चखणा वेगळा.

शरीर हे सगळं तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने निस्तरतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. मध्यरात्री दोन बाटल्या संपवून झोपलेला माणूस सकाळी आठला बाईकला किक मारतो तेव्हा त्याच्या रक्तात थोडी बिअर शिल्लक असू शकते.

महिनाभराने फरक काय पडतो? 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली लंडनमधला एक अभ्यास आला होता. बऱ्यापैकी पिणाऱ्या ९४ जणांनी महिनाभर बंद केल्यावर त्यांचं वजन सरासरी दीड टक्का घटलं, वरचं ब्लडप्रेशर साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, आणि इन्सुलिन रेझिस्टन्स तब्बल पंचवीस टक्के कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सरळच सांगितलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. माझं स्वतःचं वजन शेंगदाण्यांच्या कृपेने होतं तिथेच राहिलं. झोपेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडला. दारूने झोप लवकर लागते पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटत राहते, हे वाचून माहीत होतं. शनिवारी सकाळी सात वाजता डोकं जागेवर असण्याचा अनुभव मात्र कॉलेजनंतर पहिल्यांदाच घेतला. विकांत दोन दिवसांचा असतो हे मी विसरलोच होतो.

बरं, आता मूळ प्रश्न. माणसं की बिअर?

शुद्धीत राहून टेबलाकडे बघितलं की एक आलेख दिसायला लागतो. आठ ते साडेनऊ हा काळ सोन्याचा. सगळे आठवड्याचं साठलेलं बोलत असतात, कोणाच्या मॅनेजरची नक्कल, कोणाच्या घरमालकाचा नवीन फतवा, कोणाचं ऑनसाइटचं स्वप्न. एकमेकांचं ऐकतही असतात. या दीड तासात मला एकदाही बिअरची आठवण आली नाही. पोट दुखेपर्यंत हसलो, नेहमीसारखाच. साडेनऊ ते साडेदहा आवाज चढतो, पण मजा असते. साडेदहानंतर सगळे लूपमधे जातात. तीच गोष्ट, तोच पंच, तोच माणूस तिसऱ्यांदा सांगतो आणि तेच लोक तिसऱ्यांदा हसतात. तिथे सोड्यावर टिकून राहणं खरंच कठीण आहे.

पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट होते, तीही सांगितली पाहिजे. पावणेअकराला कोणीतरी कोणाच्या तरी गळ्यात हात टाकतो आणि म्हणतो, "तू माझा भाऊ आहेस, तुला माहीत नाही." यावर खूप विनोद होतात, मीही केलेत. महिनाभर कोरडा राहून बघितल्यावर मात्र वाटलं की हे वाक्य खोटं नसतं. ते दुपारी चार वाजता पॅन्ट्रीत चहा घेताना बोलायची सोय आपल्याकडे नाही, एवढंच. बाप गेला, नोकरी जाते की राहते, लग्न जमत नाही, हे बोलायला पुरुषाला तिसरा पेग लागतो. दुसऱ्या दिवशी "रात्री जास्त झाली होती यार" म्हणून ते परत घेताही येतं.

आमच्या ग्रुपमधे एक जण आहे, तो कधीच पीत नाही. चार वर्षं दर शुक्रवारी येतो, कोकम सरबत किंवा लाइम सोडा घेतो आणि बिलाची समान वाटणी झाली की आपला हिस्सा निमूट ट्रान्सफर करतो. या महिन्यात मी त्याच्या शेजारी बसत होतो, म्हणून विचारलं, "तुला हे परवडतं कसं? दोन सोड्यांचे एवढे पैसे?" तो म्हणाला, "सोड्याचे कुठे देतो? तुमच्यात बसायचे देतो." आता आम्ही दोन बिलं करतो. तो नको म्हणत होता, पण ठराव बहुमताने मंजूर झाला :)

बाकी न पिणाऱ्याला टेबलावर आपोआप एक नोकरी मिळते, ड्रायव्हरची. महिनाभर मी चार-चार जणांना घरोघर सोडत फिरलो. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्या खेपेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ही रक्कम २०१९ पासून वाढलीय, सगळ्यांना पाठ आहे, आणि तरी "जवळच तर जायचंय" चालू असतं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमधे भरधाव पोर्शेने मोटरसायकल उडवली. त्यात गेलेले दोघेही चोविशीतले आयटी इंजिनियर होते. तेही मित्रांबरोबर जेवून परत निघाले होते. आपल्यासारखेच, आपल्याच रस्त्यावरून. तेव्हापासून रात्री बाराला गाडी चालवताना माझं लक्ष स्वतःपेक्षा समोरून येणाऱ्यावर जास्त असतं.

या ड्रायव्हरकीमुळेच पुढची गोष्ट घडली. ज्याची आहे त्याला विचारून लिहितोय. त्याने हा मजकूर वाचलाय.

तिसऱ्या शुक्रवारी बाकीच्यांना सोडून झाल्यावर गाडीत आम्ही दोघंच उरलो. हा मित्र आमच्यात सगळ्यात कमी पिणारा म्हणून प्रसिद्ध. दोन पेग, फार तर अडीच, कधी बरळणं नाही, कधी तोल जाणं नाही. त्याच्या सोसायटीच्या गेटशी गाडी थांबवली तरी तो उतरेना.

"किती दिवस झाले तुला?"

"एकवीस."

"त्रास झाला?"

"सोड्याचा कंटाळा आला, बाकी काही नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी दिवाळीनंतर ट्राय केलं होतं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. स्टँडअपमधे कॅमेरा बंद ठेवला. घामाने शर्ट भिजला होता. संध्याकाळी घेतली तेव्हा थांबलं."

तो आमच्याकडे येण्याआधी घरी घेऊन यायचा आणि गेल्यावर परत घ्यायचा. रोज. वर्क फ्रॉम होममधे दुपारीसुद्धा. टेबलावरचे दोन पेग ही आम्हाला दाखवायची आवृत्ती होती. मला त्याने हे का सांगितलं असेल? बहुतेक गाडीत त्या रात्री शुद्धीवर असलेला मी एकटा होतो आणि दुसऱ्या दिवशी "जास्त झाली होती" म्हणायची सोय आमच्यापैकी कोणालाच नव्हती.

मी त्याला "माझ्यासारखं कर, महिनाभर सोड" असं म्हणालो नाही, आणि ते बरंच झालं. नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर थरथर, घाम, उलट्या एवढ्यावरच ते थांबेल असं नाही. फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. दारू हे मेंदूला मंद करणारं रसायन आहे. मेंदू त्याच्याविरुद्ध जोर लावायची सवय करून घेतो, आणि दारू अचानक काढली की तो जोर मोकाट सुटतो. म्हणून अशा माणसाने डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन सोडायची असते. त्याला मनोबलाची भाषणं देणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे.

सोमवारी त्याने अपॉइंटमेंट घेतली. "येतोस का?" म्हणाला. मी लॅपटॉप घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसलो. दीड तास. बाहेर आला तेव्हा काही बोलला नाही, समोरच्या टपरीवर दोन कटिंग सांगितले.

पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने उभं केलेलं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठीतल्या बैठकाही महाराष्ट्रात भरतात. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट. हे सगळं आपल्याला जनरल नॉलेज म्हणून माहीत असतं. ते शुक्रवारच्या टेबलावर शेजारी बसलेल्या माणसासाठी आहे, हे सुचत नाही.

तर माझ्या प्रयोगाचा निकाल असा. ग्रुपमधे माझ्याशिवाय सात जण. त्यातले पाच सोड्यावरही तितकेच आवडतात. दोघांशी बोलायला माझ्याकडे साडेदहाच्या आधी काहीच नव्हतं आणि त्यांच्याकडेही नव्हतं. त्यांची माझी दोस्ती बिअरनेच चालवली होती. यात कोणाचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ५ डिसेंबरच्या शुक्रवारी मी एक बिअर घेतली. छान लागली. दुसरीच्या ऐवजी सोडा सांगितला, आणि आता बहुतेक शुक्रवारी असंच होतं. साडेदहाला मी उठतो. पहिल्यांदा शिव्या खाल्ल्या, आता आणखी दोघं माझ्याबरोबर उठतात.

पण महिनाभर सोडा पिऊन पबमधे बसणं हे ज्याला जमतं त्याच्यासाठीच ठीक आहे. माझ्यासाठी तो प्रयोग होता, कधीही बंद करता येण्यासारखा. मित्राला डॉक्टरांनी सध्या बारकडे फिरकूही नको असं सांगितलंय. म्हणजे आमचं सगळं बसणं जिथे होतं, त्याच जागेला त्याला बंदी. तो एकदा म्हणाला, "दारूचं जाऊ दे रे, शुक्रवारी काय करायचं ते सांग."

शुक्रवारचं अजून काही जमलेलं नाही. रविवारचं जमलंय. सकाळी साडेसहाला आम्ही वेताळ टेकडी चढतो. पहिल्या वेळी तिघं होतो, गेल्या रविवारी पाच. वरच्या जुन्या खाणीपाशी बसतो, साडेआठला उतरून पोहे खातो. तिसऱ्या पेगची वाट न बघता बोलायला अजून नीट जमत नाही, बराच वेळ सगळे नुसतेच मोर दिसतोय का ते बघत असतात. पण कोणी लवकर उठत नाही.